सामायिकात शिरलेले दुकान

सामायिक किती वेळाचे, हे जैन घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथील उपाश्रयांत आणि स्थानकांत पहाटे आसने अंथरली जातात, वाळूचे घड्याळ उलटे करून समोर ठेवले जाते, प्रतिज्ञेचे सूत्र म्हटले जाते आणि श्रावक स्थिर होतो. निदान त्याचा देह स्थिर होतो. मन त्याच क्षणी दुकानाचे शटर वर करू लागते. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचे एक विवरणपत्र, २० तारखेला दुसरे. बँकेला द्यावयाचे मालसाठ्याचे पत्रक. काल भरलेला धनादेश वटला की परत आला. शेजारच्या गाळ्यात उघडलेले नवे दुकान. मुलाला गादीवर बसायचे नाही, त्याला ऑनलाइन काहीतरी करायचे आहे. वाळू खाली येत राहते आणि तिच्या जोडीने हे सारे येत राहते. वाळू संपली की सामायिक पुरे झाले असे मानून मंडळी आसने गुंडाळतात. त्या ४८ मिनिटांतली सामायिकाच्या खात्यात किती गेली आणि दुकानाच्या खात्यात किती, याची नोंद कोणी करीत नाही. पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या समाजाने नेमका हाच हिशेब लिहिण्याचे सोडून द्यावे, हे थोडे नवलाचेच.

परदेशात मात्र तो कोणीतरी मांडून पाहिला. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढ व्यक्तींना त्यांच्या मोबाइलवर दिवसातून अवचित केव्हातरी विचारले की आता काय करीत आहात, मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि मनःस्थिती कशी आहे. २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते. आणि भटकणारे मन कामात असलेल्या मनापेक्षा कमी सुखी होते. हाच दर सामायिकाला लावला तर ४८ पैकी साडेबावीस मिनिटे दुकानात गेली, असे निघेल. रोजच्या व्यवहारावरून काढलेला दर धर्मक्रियेला लावणे हिशेबाच्या शिस्तीत बसत नाही, हे मान्य. पण कित्येक श्रावकांना साडेबावीस हा आकडा आपल्याला सवलत दिल्यासारखाच वाटेल.

पूर्वाचार्यांना हे अपरिचित नव्हते. सामायिकाचे ३२ दोष सांगितले आहेत: मनाचे १०, वचनाचे १० आणि कायेचे १२. कायेचे दोष शेजारी बसलेल्याला दिसतात. कोणी भिंतीला टेकला, कोणी पेंगला, कोणी इकडेतिकडे पाहिले. मनाचे दहा मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक. त्यांत लाभार्थ आहे आणि भयही आहे. नफ्याची आशा आणि तोट्याची धास्ती हे दोन दोष व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. मनाच्या दोषांची अशी वेगळी यादी करणाऱ्यांनी मांडी न हलवता बसलेला मनुष्य मनाने किती कोस हिंडून येतो, हे नीट पाहिलेले असले पाहिजे.

राजर्षी प्रसन्नचंद्रांची कथा व्याख्यानांत नेहमी येते. बालवयातल्या पुत्रावर राज्य सोपवून त्यांनी दीक्षा घेतली आणि राजगृहाबाहेर कायोत्सर्गात उभे राहिले. एका पायावर, बाहू वर, दृष्टी सूर्याकडे. भगवान महावीरांच्या दर्शनाला निघालेल्या श्रेणिक राजाच्या लवाजम्यातले दोन शिपाई जवळून गेले. एकाने तपाची वाखाणणी केली. दुसरा म्हणाला, कसले तप, यांच्या मंत्र्यांनीच यांच्या पोराचे राज्य बळकावण्याचा बेत केला आहे. तेवढे शब्द पुरे झाले. देह तसाच उभा राहिला आणि मनात युद्ध पेटले. इकडे श्रेणिकाने भगवंतांना विचारले, हे मुनी या क्षणी काळधर्म पावले तर त्यांची गती कोणती? उत्तर आले, सातवा नरक. चकित झालेल्या राजाने थोड्या वेळाने पुन्हा विचारले, तेव्हा उत्तर सर्वोच्च देवलोकाचे होते. आणि तो विचारात असतानाच केवळज्ञानाच्या दुंदुभी वाजू लागल्या.

मध्यंतरी घडले ते इतकेच. मनातल्या युद्धात सारी शस्त्रे संपली, शत्रूला मारण्यासाठी डोक्यावरचा मुकुट काढावा म्हणून राजर्षींचा हात वर गेला आणि केशलोच केलेल्या मस्तकाला लागला. मुकुट नव्हता. राज्य नव्हते. युद्धही नव्हते. मनाच्या परिणामांनी कर्मबंध किती वेगाने बदलतो, हे सांगण्यासाठी ही कथा योजतात, आणि ते योग्यच आहे. तरी त्यातला एक बारकावा बहुधा घाईत निसटतो. त्यांना परत आणणारी गोष्ट म्हणजे हाताला झालेला मस्तकाचा स्पर्श होता. जे त्या क्षणी खरोखर तिथे होते, ते त्यांना कळले. पुढचे सारे त्या कळण्यानंतरचे आहे.

एका वेळी अनेक कामे करण्याचे आज मोठे कौतुक आहे. उपनगरातल्या कोणत्याही दुकानात पाहावे. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाने गिऱ्हाईक, समोर संगणकावर बिल, यूपीआयच्या डब्यातून पैसे आल्याची घोषणा, आणि व्हॉट्सअॅपवर भाव विचारणारे तीन जण. दुकानदाराला वाटते की आपण हे सारे एकाच वेळी करतो. जैन परंपरेत या समजुतीवर फार पूर्वी वाद झालेला आहे. निह्नवांच्या, म्हणजे सिद्धान्ताविरुद्ध मत मांडणाऱ्यांच्या गणनेत आर्य गंग नावाचे मुनी येतात. नदी ओलांडताना त्यांच्या पायांना पाण्याचा गारवा जाणवला आणि केस नसलेल्या मस्तकाला उन्हाचा ताप. दोन संवेदना एकाच समयी अनुभवता येतात, असे त्यांनी ठरवले. गुरूंनी ते मान्य केले नाही. मन अतिशय सूक्ष्म आणि चपळ आहे. ते पायांवरून मस्तकाकडे आणि मस्तकावरून पायांकडे इतक्या झपाट्याने जाते की मधला क्रम लक्षात येत नाही, असे त्यांनी सांगितले. उपयोग, म्हणजे जाणिवेचा व्यापार, एका समयी एकच. समय हे तर काळाचे सर्वांत लहान माप. डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात असंख्य समय होऊन जातात.

दिवसभर डोक्यात चालणारा गोंगाट म्हणजे ही धावपळ. शंभर विचार एकदम येत नाहीत. एकच विचार असतो, पण तो शंभर दारे ठोठावत पळत असतो. हे ध्यानात आले तर मन रिकामे करण्याचा अशक्य उद्योग करावा लागत नाही. धावणारा एक आहे आणि त्याला मधूनमधून पाहता येते, एवढे पुरते.

शंभर ठिकाणी अवधान ठेवणारा एक माणूस मुंबईने प्रत्यक्ष पाहिला आहे. १८८७ साली फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये १९ वर्षांच्या एका काठियावाडी तरुणाने शतावधानाचे प्रयोग केले. अनोळखी भाषांतले उलटसुलट क्रमाने दिलेले शब्द, गणिते, घंटेचे टोल, मागणीनुसार रचायची पद्ये, हे सारे मनात धरून शेवटी बिनचूक सांगायचे. हा तरुण म्हणजे मोरबीजवळच्या ववाणिया गावी १८६७ साली जन्मलेले रायचंदभाई, म्हणजेच श्रीमद राजचंद्र. कीर्ती दाराशी उभी असताना त्यांनी हे प्रयोग सोडून दिले. आत्मार्थाला त्यांचा उपयोग नाही, उलट अडसरच होतो, अशी त्यांची धारणा झाली. मुंबईत ते रेवाशंकर जगजीवन यांच्या जवाहिरीच्या पेढीत भागीदार होते, आणि हिरे-मोत्यांचे पारखी म्हणून बाजारात त्यांचे नाव होते.

१८९१ च्या जुलै महिन्यात विलायतेहून परतलेले बॅरिस्टर मोहनदास गांधी त्यांना डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी भेटले. गांधीजींनी आत्मकथेत रायचंदभाईंवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. शब्द लक्षात ठेवण्याच्या त्यांच्या शक्तीने गांधीजी चकित झाले, पण मोहून गेले ते दुसऱ्याच गोष्टीने. लाखोंचे सौदे करणारा हा व्यापारी सौदा संपताच हाताशी ठेवलेले धर्मपुस्तक किंवा आपली टिपणवही उघडीत असे. एक व्यवहार संपला की तो मनातही संपला. हे सहज साधलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. रायचंदभाईंच्या पत्रांत व्यापाराच्या ‘उपाधी’चा उल्लेख वारंवार येतो. १९०१ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांचे राजकोटला देहावसान झाले. संन्यस्त साधूचे मन शांत असले तर संसारी माणूस हात जोडतो आणि घरी जातो. पेढीवर बसणाऱ्याचे मन शांत असू शकते म्हटल्यावर मात्र सबबी कमी पडतात.

व्यापाऱ्याच्या शिणलेल्या डोक्याची दुसरी कथा आजच्या उपनगरांच्या अधिक जवळची आहे. बोरिवली पश्चिमेला गोराईच्या जेट्टीवर उभे राहिले की खाडीपलीकडे सोनेरी शिखराचा मोठा घुमट दिसतो. हा ग्लोबल विपश्यना पॅगोडा. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दगडी घुमटाखाली एकही खांब नाही आणि सुमारे ८,००० माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. ज्यांच्या प्रेरणेने तो उभा राहिला ते सत्यनारायण गोयंका मूळचे व्यापारी. १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे मारवाडी कुटुंबात जन्म, तरुणपणीच मोठा उद्योग, आणि सोबतीला अर्धशिशीचा असा आजार की मॉर्फीनच्या सुयांवाचून आराम पडत नसे. देशोदेशीचे वैद्य झाले, गुण आला नाही. अखेरीस ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ साधू नव्हते, ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. देशाच्या जमाखर्चाची तपासणी करून उरलेल्या वेळात ध्यान शिकवीत. डोकेदुखीवर उपाय म्हणून येणार असाल तर येऊ नका, असे त्यांनी गोयंकांना सांगितले. मनाची शुद्धी हवी असेल तर या. १९५५ साली गोयंकांनी पहिले शिबिर केले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. त्यात त्यांचे आईवडीलही होते. १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. २०१३ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

या शिबिरांत दहा दिवस मौन असते, फोन पहिल्याच दिवशी जमा करावा लागतो आणि शुल्क घेतले जात नाही. व्यापाऱ्याला यातले तिसरे कलम आवडते आणि दुसरे कलम ऐकून तो घरी बसतो. पहिले काही दिवस फक्त नाकाशी येणाजाणारा श्वास पाहायचा असतो. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही. तो पाहत असताना मन निघून जाते. गेल्याचे कळले की रागावल्याशिवाय परत यायचे. आपल्या परंपरेतही हे काही परके नाही. कायोत्सर्गात श्वासोच्छ्वासांची गणना आहे. १९७५ साली जयपूरला आचार्य तुलसींच्या सान्निध्यात मुनी नथमल, म्हणजे पुढचे आचार्य महाप्रज्ञ, यांनी प्रेक्षाध्यानाची पद्धत मांडली. तिच्यात श्वासप्रेक्षा आहे, शरीरप्रेक्षा आहे. प्रेक्षा म्हणजे नीट पाहणे. कोणत्या पद्धतीने पाहायचे याविषयी संप्रदायांत मतभेद असतील आणि ते असू द्यावेत.

मुलुंडला स्टीलच्या भांड्यांचे घाऊक दुकान असलेल्या एका गृहस्थांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेने सोडले. रात्री तीनला डोळा उघडे आणि सहापर्यंत छताकडे पाहण्यात वेळ जाई. रक्तदाब, साखर, थायरॉइड सगळे तपासून झाले. डॉक्टरांनी कागद परत दिले आणि कामाचा ताण कमी करा असे सांगितले, म्हणजे काय करा ते सांगितले नाही. एका रविवारी पत्नीच्या आग्रहाने दोघे गोराईला गेले. बोरिवली स्टेशनवरून जेट्टीकडे जाताना रिक्षा एका वळणावरून गेली, तेव्हा ते मान फिरवून दुसरीकडे पाहत राहिले. पत्नीला कारण ठाऊक होते. ती काही बोलली नाही. पॅगोडात येणाऱ्यांना थोडी मिनिटे श्वास पाहायला बसवतात, तसे तीही बसली, तेही बसले. घुमटाविषयी ते घरी येऊन काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “मला सलग पाच श्वास पाहता आले नाहीत गं. पाच! आणि चाळीस वर्षं सामायिक करतोय.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्यापाऱ्याला सुचेल ते केले. एक जुनी कच्ची वही घेतली. सामायिक पाळल्यावर दोन मिनिटे बसून मन कुठे कुठे गेले ते आठवायचे आणि रेघा मारायच्या. चार रकाने केले: भय, लाभ, राग, देणे. चौथा रकाना त्यांनी का केला हे त्यांनाही नीट सांगता आले नाही. वहीला तो असतो म्हणून केला असावा. पहिल्या आठवड्यात भयाच्या रकान्यात जागा पुरली नाही. गोदामाला आग, मुलाचा अपघात, बँकेने कर्जाची मर्यादा कमी केली तर, असल्या रेघा. यांतली एकही गोष्ट घडलेली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात रेघा कमी झाल्या. विचार कमी आले असे नव्हे. पण ‘हे भय’ असे ओळखले की तो विचार पुढची दारे ठोठावत नसे. लोकलमध्येही ते हे करू लागले. ठाण्याकडून भरून आलेल्या गाडीत दांड्याला धरून उभे असताना तळहाताला लागणारा दांड्याचा गारवा, पायाखालची थरथर, एवढेच पाहायचे. प्रसन्नचंद्रांच्या हाताला मस्तक लागले तसा यांना गाडीचा दांडा.

दोन महिन्यांनी वही चाळताना त्यांच्या लक्षात आले की इतर रकान्यांतली नावे बदलत गेली, देणे या रकान्यात मात्र तीच दोन नावे पुन्हा पुन्हा आहेत.

बँकेत एखाद्या रकमेचे योग्य खाते सापडत नसेल तर ती तात्पुरती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात. तात्पुरती हा शब्द महत्त्वाचा. तपासनीस आला की प्रथम हेच खाते उघडतो आणि जुन्या नोंदी का पडून आहेत ते विचारतो. कारण गैरव्यवहार बहुधा तिथेच वस्तीला असतो. मनाचेही असे एक खाते असते. श्वास पाहून भयाचा विचार विरतो, कारण त्याच्यामागे वस्तू नसते. देण्याच्या विचारामागे वस्तू असते. ती जागची हलवल्याशिवाय तो विचार कितीही वेळा पाहिला तरी दुसऱ्या दिवशी हजर होतो. मन शांत करण्याच्या पुस्तकांत याविषयी फारसे वाचायला मिळत नाही, बहुधा अशी पुस्तके घेणाऱ्याला ते आवडणार नाही म्हणून.

जैन कथेने मात्र हे सरळ सांगितले आहे. पुणिया श्रावक सूत कातून जेमतेम पोट भरीत असे, आणि त्याच्या एका सामायिकाचे फळ विकत घ्यायला श्रेणिक राजा आला होता. त्या पुणियाचे चित्त एके दिवशी सामायिकात लागेना. त्याने आसन बदलले नाही की माळ बदलली नाही. पत्नीला विचारले, आज घरात दुसऱ्याचे काही आले आहे का? तिने आठवून सांगितले, एक गोवरी न विचारता घेतली होती. चूल पेटवायची एक गोवरी! ती परत झाली.

रायचंदभाईंचीही एक हकीकत सांगितली जाते. एका व्यापाऱ्याने त्यांना ठरल्या भावात जवाहीर देण्याचा करार केला होता. भाव भलतेच चढले आणि करार पाळायचा तर त्या माणसाचे घरदार विकले जाणार होते. रायचंदभाई त्याच्या दुकानी गेले. तो गयावया करू लागला, पै न पै देईन म्हणाला. त्यांनी कराराचा कागद मागून घेतला आणि फाडून टाकला. व्यापारी समाजात ही हकीकत दयेचे उदाहरण म्हणून सांगतात. पण तिच्यात झोपेचाही हिशेब आहे. त्या व्यापाऱ्याची झोप गेली होती ती या कागदामुळे, आणि तो कागद यांच्या नावाचा होता.

मुलुंडच्या गृहस्थांच्या वहीतले पहिले नाव भाईंदरच्या एका पॉलिशवाल्याचे होते. सात महिन्यांपूर्वीच्या पातेल्यांच्या एका लॉटवर ओरखडे आले म्हणून त्याचे बिल अडवले होते. ओरखडे खरे होते. पण ते चाळीस पातेल्यांवर होते आणि बिल चारशेंचे अडले होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, लेखी करार असला तरी मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, अशी तरतूद २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून आयकरात लागू झाली, तेव्हा सनदी लेखापालाने अशा देण्यांची यादी मागितली होती. या पॉलिशवाल्याची कुठे नोंदणीच नव्हती. त्यामुळे तो यादीत आला नाही, आणि कायद्याच्या नजरेतून सुटलेले हे बिल सामायिकात येऊन बसू लागले.

घोडबंदर रस्त्याने ते भाईंदरला गेले. पॉलिशवाला बफिंगच्या यंत्रापाशी काळ्या धुळीत उभा होता. चाळीस पातेल्यांचे वजा करून बाकीचे पैसे त्याच्या हातात दिले तेव्हा त्याने मोजले नाहीत. “शेठ, फोन केला असता तर मुलाला पाठवला असता,” म्हणाला, आणि मग जरा थांबून, “तुम्ही मेहेरबानी केलीत.” हा शेवटचा शब्द त्यांना ओरखड्यापेक्षा जास्त लागला.

दुसऱ्या दिवशीच्या सामायिकात पॉलिशवाला आला नाही. त्याच्या जागी दुकानाच्या एअर कंडिशनरचे वीजबिल आले. असे व्हायचेच, रकाना रिकामा झाला म्हणून मन बसून राहत नाही. तीनला जाग अजून आठवड्यातून दोन-तीनदा येते. फरक असला तर तो जेवणाच्या ताटावर दिसतो. पूर्वी सून काही विचारत असे आणि उत्तर यायला तिसऱ्यांदा विचारावे लागे. आता दुसऱ्यांदा विचारले की येते. घरात याची चेष्टा होते.

एक इशारा द्यायला हवा. सलग काही आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था असेल तर वही आणि श्वास यांच्या भरवशावर राहू नये; डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. धर्मक्रिया करणाऱ्याला मनाचा आजार होत नाही, ही समजूत आपल्या समाजात अजून बरीच आहे आणि तिने पुष्कळांचे नुकसान केले आहे.

वहीतले दुसरे नाव अजून तसेच आहे. ते मोठ्या भावाचे. अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या दुकानाची वाटणी झाली, त्यात गाळ्याच्या किमतीवरून दोघांत जे बोलणे झाले त्यानंतर बोलणे झालेले नाही. पैशांचे म्हणाल तर दोन्हीकडची खाती केव्हाच चुकती झाली आहेत. संवत्सरीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडं’चा सुंदर चित्राचा संदेश गृहस्थ दरवर्षी चारशे जणांना पाठवतात. भावाचा क्रमांक फोनमध्ये आहे, पण पाठवायच्या यादीत नाही. भाऊ बोरिवलीला राहतो, जेट्टीच्या वाटेवरच्या त्या वळणावर.

मुलुंडहून बोरिवलीला गाडीने जायचे तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी धरावी लागते. गेल्या रविवारी सकाळी सामायिक पाळून, वहीत एकच रेघ मारून, ते घराबाहेर पडले. दादरला उतरले, पूल चढले, पश्चिमेच्या फलाटावर आले. दोन बोरिवली गाड्या सोडल्या. बाकावर बसून श्वास पाहिला, तो जलद चालला होता. मग पूल ओलांडून ते परत आले. घरी विचारले तेव्हा म्हणाले, “दादरपर्यंत जाऊन आलो.” पत्नीने चहा टाकला आणि येत्या रविवारी आपणही येऊ का, असे विचारले.